राहून गेलेला ताळा

त्या दिवशी कुमीचा अंगठा थांबेना.

बार्शीतल्या एका शाळेचा हॉल होता, रविवारची दुपार, वर पत्रे तापलेले. स्टेजवर फळा आणि फळ्यावर एकच आकडा, ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. त्याच्यासमोर माझी भाची डोळे मिटून उभी. हिशेब करताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांच्या पेरांवरून फिरायचा आणि उत्तर सापडलं की थांबायचा. एरवी माणूस आकडा लिहून जागेवर जाऊन बसेपर्यंत तो थांबलेला असायचा. आज पुढच्या रांगेतल्यांचे शेंगदाणे संपले, टरफलं पायाखाली गेली, तरी अंगठा आपला फिरतोच आहे.

'गणितकन्या कुमारी कुमुदिनी उरुणकर' असं पत्रकावर छापलेलं असायचं. घरात ती कुमी. तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ तात्या, इस्लामपुरात शिंपीकाम करायचे. पोर पाच वर्षांची असताना दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या मापांची तोंडी बेरीज करायला लागली, आणि तात्यांच्या डोक्यात शिरलं की आपल्या घरी सरस्वतीच आली. तेव्हापासून दुकान चुलत्यावर टाकून गावोगाव हे प्रयोग. कुमीची आई तिच्या बाळपणीच गेलेली. मी नवऱ्याशी न पटून माहेरी परत आलेली, म्हणजे लोकांच्या मते रिकामीच. मग पोरीबरोबर हिंडायला, तिची वेणी घालायला, तिला वेळेवर दोन घास भरवायला कोण? तर मी, शालन आत्ती.

प्रयोगाची रीत ठरलेली होती. लोकांनी फळ्यावर आकडा लिहायचा, म्हणजे लबाडीचा संशय नको. कुमीनं उत्तर द्यायचं. मग तात्यांनी खडू घेऊन सगळ्यांसमोर त्याचा ताळा करून दाखवायचा, आणि ताळा जुळला की टेबलावरची पितळी घंटी वाजवायची. ताळ्याशिवाय घंटी नाही. एकदा एका मामलेदारानं "कशाला वेळ घालवता, आमचा विश्वास आहे" म्हटलं, तर तात्या म्हणाले, "साहेब, विश्वास देवळात. इथं ताळा."

त्या दुपारी सगळं नेहमीसारखं झालं होतं. कुणी घनमूळ विचारलं, कुणी जन्मतारखेचा वार. घंटी वाजत होती. मग कानडे सर उठले. शाळेत गणित शिकवणारे, अंगात पांढरा सदरा, बोलणं हळू. ते म्हणाले, "बाळ, मी एक आकडा देतो. त्याचे अवयव पाड. कुणाकुणानं भाग जातो ते सांग." खिशातल्या कागदावर बघून त्यांनी आकडा लिहिला आणि तो कागद घडी करून परत खिशात ठेवला.

आता अर्धा तास होत आला होता. मागून कुणीतरी शीळ घातली. तात्या टेबलाजवळ उभे होते आणि घंटीवर ठेवलेला हात काढून पुन्हा ठेवत होते. माझं तर काही विचारूच नका. मी पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली होती. कारण त्या आकड्यावर काय टांगलेलं आहे ते स्टेजवरच्या आम्हा तिघांनाच माहीत होतं.

झालं होतं असं की साताऱ्याच्या प्रयोगानंतर कुमी तात्यांसमोर रडली होती. "बास झालं तात्या. मला शाळेत जायचंय. मला भूमिती शिकायचीय." तात्यांना हसू आलं होतं. "भूमितीत काय आहे? आकडेच नसतात."

"म्हणूनच," ती म्हणाली होती. "माझ्या डोक्यात दिवसभर आकडे वाजतात. रेषा वाजत नाहीत."

तात्या मनानं वाईट नव्हते, पण आपल्या लेकीचा त्यांना नुसता अभिमान नव्हता, गर्व होता. ते घंटीवर हात ठेवून म्हणाले, "ज्या दिवशी तुझं उत्तर चुकेल त्या दिवशी ही घंटी पिशवीत. मग शिक काय शिकायचं ते. तोवर देवीनं दिलेलं घरात कोंडून ठेवायचं नाही." शब्द दिला खरा, पण पोर कधी चुकणारच नाही याची खात्री होती म्हणून दिला.

मी कुमीला शंभरदा सांगितलं असेल, "अगं, एकदा मुद्दाम चूक की. एक आकडा इकडचा तिकडं. कोण मरतंय?" त्यावर ती मान हलवायची. "जमत नाही गं आत्ती. चुकीचं उत्तर ओठापर्यंत येतच नाही. ढेकूण चावल्यावर खाजवल्याशिवाय राहता येतं का? तसं आहे ते." आणि मी मनातल्या मनात त्या सरस्वतीला चार शब्द सुनवायची.

म्हणजे बघा, पोर चुकली तर सुटणार आणि बरोबर आली तर पुढच्या गावाला जाणार. आणि मी तिथं बसून नेमकं काय मागत होते, देव जाणे. चूक मागत होते, आणि कुणी तिला हसलेलं मला बघवणारही नव्हतं.

अंगठा थांबला. कुमीनं डोळे उघडले.

"याला कोणी भागत नाही," ती म्हणाली. "ही मूळ संख्या आहे."

कानडे सर उठले आणि जरा अवघडून म्हणाले, "नाही बाळ. चुकलं. हा आकडा मी स्वतः दोन आकडे गुणून तयार केलाय. सत्तावीस हजार चारशे सत्त्याण्णव गुणिले दोन हजार सहाशे एकोणनव्वद."

मग काय, माणसं वाटच बघत होती. आधी टाळ्या, मग शिट्ट्या, मग पाय आपटणं. "गणितकन्या पाण्यात" असं कुणीतरी ओरडलं. कानडे सर हात वर करून पोरांना गप्प बसवत होते, पण ऐकतंय कोण. मी कुमीकडे बघत होते. सरांनी ते दोन आकडे उच्चारले तेव्हा तिचा अंगठा एकदाच, झरकन, पेरांवरून फिरला. तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. आणि मान खाली घालून ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

तात्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण रीत ती रीत. त्यांनी खडू उचलला, सरांचे दोन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडले, खाली रेघ मारली आणि गुणाकाराची पहिली ओळ लिहिली. दुसरी ओळ लिहिली. तिसरी ओळ अर्धी लिहून झाली आणि त्यांचा हात थांबला. ते फळ्याकडे बघत राहिले. मग मागं वळून कुमीकडे बघितलं. ती खालीच बघत होती.

फडकं टेबलावर होतं, तरी तात्यांनी कोटाच्या बाहीनं फळा पुसला. तो कोट त्यांनी स्वतः शिवलेला, प्रयोगाचा, त्याला कधी खडूचा डाग लागू द्यायचे नाहीत. लोकांकडे वळून ते म्हणाले, "सरांचं बरोबर आहे. ताळ्याची गरज नाही." आणि घंटी उचलून, ती वाजू नये म्हणून मुठीत धरून, पिशवीत टाकली.

मला वाटलं, स्वतःच्या लेकीची चूक स्वतःच्या हातानं सिद्ध करवेना, म्हणून थांबले असतील. मला त्यांची दया आली. आणि खोटं कशाला बोलू, दयेच्या खालून आनंदाची उकळीही फुटत होती. त्या उकळीचं मला वाईट वाटत होतं आणि ती थांबतही नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या ओळखीच्या घरी तात्या जेवले नाहीत. कुमी मात्र दोन भाकऱ्या खाऊन आडवी झाली, आणि मी तिच्या हाताकडे बघितलं तर अंगठा गप्प होता. कित्येक महिन्यांत तो मी झोपेतसुद्धा गप्प बघितला नव्हता.

सकाळी आम्ही एसटी स्टँडवर आलो. मिरजेच्या गाडीला अवकाश होता. तात्या आमचा फळा टपावर चढवण्यासाठी हमालाशी बोलायला गेले. मी आणि कुमी बाकड्यावर. तेवढ्यात कानडे सर सायकलवरून आले. सायकल कशीबशी भिंतीला टेकवली, ती पडली, तरी उचलायला थांबले नाहीत. डोळे लाल. हातात तोच कागद.

"बाई, हिचे वडील कुठायत?" ते मला म्हणाले. मग ते कुमीकडे वळले. "बाळ, चूक माझी होती. काल घरी जाऊन पुन्हा गुणाकार केला. नवानं गुणताना हातचे आठ धरायचे तिथं मी पाच धरले. खरा गुणाकार एकशे तेहतीसवर संपत नाही, चारशे तेहतीसवर संपतो. फळ्यावरच्या आकड्याला मी पहाटेपर्यंत भाग देत होतो. एकानंही जात नाही. तुझं बरोबर होतं."

मी उठून उभीच राहिले.

"मला माहितीय सर," कुमी म्हणाली.

"कधी कळलं?"

"तुम्ही दोन आकडे सांगितले तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?" हे मी विचारलं. सरांच्या आधी मीच.

कुमीनं माझ्याकडे बघितलं. "तूच म्हणायचीस ना आत्ती, एकदा चूक म्हणून? मला चुकता येत नाही. सर माझ्यासाठी चुकले."

सर बाकड्यावर बसले. मी त्यांना तात्यांचा शब्द सांगितला, घंटीचं सांगितलं, भूमितीचं सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण तात्या हमालाशी भाव करत होते आणि तो भाव कधीही ठरला असता. सरांनी ऐकून घेतलं आणि कागद मांडीवर सरळ करत राहिले.

"मी आज शाळेत सगळ्या मुलांसमोर सांगणार होतो," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांची माफी मागणार होतो. बाळ, मी मुलांना शिकवतो की चूक सापडली की ती पुसायची. मग ती कुणाचीही असो."

"पुसा की सर," कुमी म्हणाली. "पण आमची गाडी सुटल्यावर."

"आणि वडिलांनी मलाच विचारलं तर? मला खोटं बोलता येणार नाही."

कुमीच्या अंगठ्यानं परत पेरं मोजायला सुरुवात केली. तिकडून तात्या येत होते. कोटाच्या बाहीवर कालचा पांढरा डाग तसाच.

"नमस्कार सर," तात्या म्हणाले. "इतक्या सकाळी?"

सर उठले. हातातला कागद त्यांना लपवता आला नाही, आणि लपवावा असंही त्यांच्या मनात नसावं. "उरुणकर," ते म्हणाले, "मला तुमच्याशी कालच्या आकड्याबद्दल..."

"तो कागद खिशात घाला सर," तात्या मधेच म्हणाले. "वाऱ्यानं उडेल."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. तात्यांनी नजर काढली नाही. मी त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

"तुमच्या शाळेत आठवीला भूमितीला कुठलं पुस्तक आहे?" तात्यांनी विचारलं.

सरांनी नाव सांगितलं. कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि खिशात ठेवला. "मुलीला चांगला शिक्षक बघा," ते म्हणाले. "साधा बघू नका."

"आम्ही साध्या माणसांना काय कळतंय त्यातलं. तुम्हीच एखादं नाव सुचवा."

गाडी आली. सर खिडकीशी उभे राहिले, गाडी हलेपर्यंत. आणि मिरज येईपर्यंत मला एकच घोर, की तात्या मधेच उतरून परत तर जाणार नाहीत? प्रत्येक थांब्यावर मी त्यांच्याकडे बघत होते. ते खिडकीबाहेर बघत बसले होते. कागद उडवायला वारा होताच कुठं, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. स्टँडवर पानसुद्धा हलत नव्हतं.

पुढं सगळं साधं झालं. तात्यांनी दुकान परत हातात घेतलं, फळा दुकानात कापड मांडायला वापरला. कुमी शाळेत गेली, कॉलेजात गेली, पुढं पुण्यात भूमितीच शिकवायला लागली. प्रयोगाचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. बार्शीचं खरं काय ते मी आणि कुमीनं पोटात ठेवलं. म्हातारा दुखावेल, एवढ्याच विचारानं.

तात्या थकले तेव्हा मीच त्यांच्याजवळ होते. शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी शेजारच्या पोरीची पाटी मागितली. मला वाटलं, हिशेब करायचाय कसला तरी. त्यांनी उशीला टेकून सावकाश आकडा लिहिला. ७३९३९१३३.

मी उठून त्यांच्याजवळ गेले.

"शालन, हे बघ," ते म्हणाले. "याला कोणी भागत नाही. बरोबर?" मग बोटाला थुंकी लावून शेवटचा आकडा पुसला. "आता हे बघ. यालाही नाही." अजून एक पुसला. "यालाही नाही." असं करत करत एकेक आकडा मागून पुसत गेले आणि प्रत्येक वेळी पाटी मला दाखवत गेले. ७३९३. ७३९. ७३. शेवटी पाटीवर नुसता सात राहिला. "सातालाही नाही. पायमशीनवर बसल्या बसल्या सापडलं मला हे. वर्षं गेली त्यात. काहीही काढून घे त्याचं, तो आहे तसाच राहतो."

"तात्या," मी म्हटलं, "तो आकडा मूळ आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? ताळा मीच करत होतो ना?"

"पण तुम्ही तर अर्ध्यात सोडलात."

"तिसऱ्या ओळीला कळलं. शेवट चारशे तेहतीसवर येत होता. सरांचा गुणाकार चुकला होता." त्यांना धाप लागली. पाणी दिलं तर नको म्हणाले. "आयुष्यात एकदाच खोटा ताळा सांगितला मी. भर सभेत."

"मग घंटी का नाही वाजवलीत? तुमची पोर खरी ठरली असती."

तात्या पाटीवरच्या सातावरून बोट फिरवत राहिले.

"मी वळून तिच्याकडे बघितलं," ते म्हणाले. "मला जे तीन ओळींनी कळलं ते तिला ऐकता ऐकता कळलं असणार. तरी ती खाली मान घालून उभी. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते, आणि ती हसू देत होती. कुमी, जिला चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसता येत नाही, ती. तेव्हा मला कळलं गं शालन, पोरीला माझं हे सगळं किती नको झालं होतं."

मला रडू आवरेना. ते मात्र रडले नाहीत.

"कुमीला सांगू नकोस," ते म्हणाले. "बापाला फसवलं म्हणून अजून मनातल्या मनात खुश होत असेल. होऊ दे."

कुमी पुढच्या रविवारी आली. तात्यांच्या पायथ्याशी बसून तिनं त्यांना तिच्या कॉलेजातल्या गमती सांगितल्या, मी चहा टाकला, आणि पाटी सकाळीच शेजारी परत देऊन आले होते.